दूध सिंकमध्ये, पिशवी पातेल्यात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पावणेसहाला गजर वाजला, मी उठलो, दाराच्या कडीला अडकवलेल्या थैलीतून दुधाची पिशवी काढली, कात्रीने कोपरा कापला, दूध सिंकमध्ये ओतलं, रिकामी पिशवी पातेल्यात ठेवली आणि लायटर शोधू लागलो. डोळे सताड उघडे होते. मधे बायकोने काहीतरी विचारलं, त्याला मी नीट उत्तरही दिलं होतं. "झोपेत होतास का?" या तिच्या पुढच्या प्रश्नाला मात्र "अर्धा" एवढंच खरं उत्तर होतं. ते शास्त्रालाही बरंचसं मान्य होईल. हल्ली ज्या 'संथ सकाळी'चं, म्हणजे घाई न करता दिवस सुरू करण्याचं, कौतुक चालतं, तिचं खरं कारणही मला इथेच दिसतं.

चालत्या एसटीला ब्रेक लागतो तेव्हा गाडी थांबते, पण आपण पुढे झुकतो. शाळेत याला जडत्व म्हणायला शिकलो. झोपेचंही तसंच आहे. गजराने झोप थांबते, पण मेंदू थोडा वेळ त्याच दिशेला कललेला राहतो. याला निद्रा-जडत्व म्हणतात. एरवी ते १५ ते ३० मिनिटांत ओसरतं. झोप अपुरी असेल किंवा गाढ झोपेतून दचकून उठावं लागलं, तर तासभर किंवा त्याहून जास्तही टिकतं.

या काळात मेंदूत काय चालतं, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाहिलं गेलं. झोपेतून उठवल्यावर ५ मिनिटांनी आणि पुन्हा २० मिनिटांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. मेंदूचा खालचा देठ आणि मधला थॅलॅमस लवकर पूर्वपदावर आले. श्वास, हालचाल, डोळे उघडणं, हाकेला ओ देणं या गोष्टी त्यामुळे जमतात. कपाळामागचा भाग, म्हणजे पर्याय तोलणारा, चूक पकडणारा भाग, मागून सावकाश येत होता. घरात नोकरमाणसं उठून कामाला लागलेली, आणि हिशेब बघणारे अजून पांघरुणात! माझं दूध त्याच मधल्या वेळात सिंकमध्ये गेलं.

दुधाचं नुकसान परवडतं. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळलं. १६६ जणांपैकी १५८ गेले. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण सुमारे दोन तासांचं होतं आणि त्यातला १ तास ४० मिनिटांच्या आसपासचा काळ मुख्य वैमानिक झोपेत होते, असं चौकशीत आढळलं. विमान प्रमाणापेक्षा उंचावरून उतरत होतं, सहवैमानिक उतरणं रद्द करायला सांगत होता, तरी ते उतरवलं गेलं. चौकशी अहवालाने निर्णय चुकण्यामागे निद्रा-जडत्वाचाही हात असावा असं म्हटलं आहे. वैमानिकाला नियंत्रणावर असताना झोपेतून उठल्याउठल्या निर्णय घ्यायला लावू नये, हे शहाणपण विमानवाहतुकीला अशा अनुभवांतून आलं. आपण मात्र डोळे उघडताच फोन उचलतो आणि ऑफिसच्या ग्रुपवर पहाटे पडलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन मोकळे होतो.

म्हणून मला 'संथ सकाळ' याचा अर्थ फार साधा वाटतो: पहिल्या अर्ध्या तासात काहीही ठरवायचं नाही. मेणबत्ती, डायरी, लिंबूपाणी हे सगळं हौसेचं. आमचे आजोबा अंथरुणातच बसून तळहात बघत 'कराग्रे वसते लक्ष्मीः' पुटपुटायचे आणि मगच पाय जमिनीला लावायचे. त्या श्लोकाला मेंदूतल्या रक्तप्रवाहाची खबर होती असं मी मुळीच म्हणणार नाही. अशी ओढाताण आपल्याकडे पुरेशी होते. पण त्या मिनिटाभरात एक गोष्ट खरोखर घडते. आडवा माणूस एकदम उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरतं, आणि रक्तदाब सावरायला शरीराला जरा अवधी लागतो. वय झालेल्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तरी तो द्यावाच.

दरम्यान शरीर आपल्या परीने कामाला लागलेलं असतं. जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात रक्तातलं कॉर्टिसॉल चांगलंच वर चढतं. ताणाचं संप्रेरक म्हणून बदनाम झालेलं हेच रसायन सकाळी इंजिन तापवतं. सकाळचं कॉर्टिसॉल उतरवायचे उपाय विकणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं.

चहाबद्दल एक गंमत. कॅफीनचा अंमल पुरता चढायला अर्धा तास सहज लागतो. पहिल्या घोटालाच जी तरतरी येते ती ऊब, साखर, आल्याचा वास आणि वर्षानुवर्षांची सवय यांची. कॅफीन मागून येतं आणि झोपेची ओढ लावणाऱ्या ॲडिनोसिनची जागा अडवतं. उठल्यावर दीड तास चहा-कॉफी घेऊच नका, असा सल्ला हल्ली फार फिरतो. त्याला ठोस पुरावा नाही. निवांत प्यावा.

खरा इलाज मात्र चहाच्या कपामध्ये नसून खिडकीबाहेर आहे. माणसाच्या शरीरातलं घड्याळ सरासरी २४ तास आणि वर ११ मिनिटांच्या आसपास चालतं, असं १९९९ मध्ये बाहेरच्या दिवस-रात्रीपासून काटेकोरपणे अलग, मंद उजेडात ठेवलेल्या लोकांवर मोजलं गेलं. म्हणजे ते रोज थोडं मागे पडणार, आणि रोज कुणीतरी जुळवायला हवं. हे काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात चित्र पाहण्यासाठी नव्हे, तर उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्यासाठी वेगळ्या पेशी आहेत. त्यांतलं मेलानोप्सिन हे रंगद्रव्य १९९८ मध्ये पहिल्यांदा सापडलं ते बेडकाच्या कातडीत! पूर्ण अंध असलेल्या काही व्यक्तींमध्येही या पेशी शाबूत असतात आणि त्यांचं घड्याळ सूर्याशी जुळलेलं राहतं.

या पेशींना भरपूर उजेड लागतो. उजेड लक्स या एककात मोजतात. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स म्हणजे खूप झाले. बाहेर ढगाळ असलं तरी हजारोंत मोजावे लागतात, आणि लख्ख उन्हात लाखभर. गॅलरीत कपडे वाळत घालताना मिळणारा उजेड दिवाणखान्यातल्या सगळ्या दिव्यांना भारी पडतो.

इथे मुंबईकरांची थोडी अडचण आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. मुंबई त्याच्या इतकी पश्चिमेला आहे की सूर्य इथे जवळपास ३९ मिनिटं उशिरा येतो. शहराने १९५५ पर्यंत आपली वेगळी 'मुंबई वेळ' चालवली, ती नेमकी ३९ मिनिटं मागे होती. आता जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो आणि सकाळच्या सत्रातली मुलं तोवर अंधारातच शाळेत पोचलेली असतात. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये काढला. लहानग्यांसाठी तो चांगलाच. पण उशिरा झोप येणं आणि उशिरा जाग येणं हा खरा त्रास किशोरवयात सुरू होतो, आणि ती मुलं या निर्णयातून वगळली गेली आहेत.

लवकर उठणं आणि सावकाश उठणं यांची गल्लत तर सर्रास होते. आपल्या भाषेत पहाटेच्या झोपेला साखरझोप हा फार नेमका शब्द आहे. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सर्वात जास्त असते. बाराला झोपून निवांतपणासाठी साडेचारचा गजर लावणारा माणूस नेमकी तीच कापून टाकतो, वर जडत्वाचा जास्त जोरदार झटका पदरात पाडून घेतो.

आणि हा निवांतपणा कुणाच्या वाट्याला? नळाला पाणी साडेपाचला येणार, दोन डबे सातच्या आत भरायचे, अशा घरात कुणा एकाची सकाळ संथ करायला दुसऱ्याला धावावं लागतं, बहुधा बाईलाच. आमच्याकडे हे भांडणातूनच बदललं. आता भाजी रात्री चिरलेली असते, डबा काय याचं उत्तर फ्रिजवर चिकटवलेलं असतं, पोरांचे गणवेश खुर्चीवर. मी उठून गॅलरीत तुळशीला पाणी घालतो, तेवढ्यात उजेडही मिळतो. सहा-सव्वासहापर्यंत मला कात्री दिली जात नाही.