एक सॉलिसिटर, दोन अशील : इंग्लंडमधल्या लेंडर पॅनेलची पार्श्वभूमी

स्लाव, हॅरो किंवा रेडिंगमध्ये पहिलं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला एक धक्का बसू शकतो. विक्रेत्याने ऑफर मान्य केलेली असते, डिपॉझिट जमलेलं असतं, मित्राने सुचवलेला सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं काम पाहणारा वकीलही पसंत पडलेला असतो. आणि मग कर्ज देणारी संस्था कळवते की हा सॉलिसिटर आमच्या पॅनेलवर, म्हणजे आम्हाला मान्य असलेल्या फर्मच्या यादीत, नाही. आता एक तर दुसरा सॉलिसिटर शोधायचा, नाही तर बँकेच्या कामापुरता वेगळा वकील नेमू द्यायचा आणि त्याची फीही आपणच भरायची.

आपल्याकडे गृहकर्ज घेतलेल्या माणसाला यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. महाराष्ट्रात सर्च रिपोर्ट देणारा पॅनेलवरचा वकील हा बँकेचा. फी कर्जदार भरतो, पण तो आपला वकील नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. इंग्लंड-वेल्समध्ये घरखरेदीच्या बहुतेक व्यवहारांत एकच फर्म खरेदीदाराचंही काम पाहते आणि कर्ज देणाऱ्याचंही. त्यात खर्च वाचतो, वेळही वाचतो. फक्त ज्याच्या हाती बँकेचे पैसे जातात, त्याला बहुतेक वेळा बँकेने नाही, ग्राहकाने निवडलेलं असतं. पॅनेलचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

सुरुवातीला ही अडचण कोणाला जाणवतही नव्हती. पहिली ज्ञात बिल्डिंग सोसायटी, म्हणजे सभासदांच्या बचतीतून घरासाठी कर्ज देणारी संस्था, १७७५ साली बर्मिंगहॅममध्ये, रिचर्ड केटली याच्या सराईत सुरू झाली. पुढे गावोगावी अशा सोसायट्या उभ्या राहिल्या. सोसायटी स्थानिक, सॉलिसिटरही स्थानिक. कित्येकदा तोच तिचा एजंट. कोण विश्वासाचा आणि कोण नाही, हे मॅनेजरला कागद न बघता माहीत असे. शिवाय खरेदीखताच्या कामाची मक्तेदारी १८०४ पासून कायद्यानेच वकिलांकडे होती आणि ठरलेल्या दराची फी १९७३ पर्यंत चालू होती. स्पर्धाच नव्हती, त्यामुळे घाईघाईत, स्वस्तात काम उरकण्याचा मोहही कमी होता.

१९८०च्या दशकात हे चित्र बदललं. मोठ्या बँका गृहकर्जाच्या धंद्यात उतरल्या. १९८५च्या कायद्याने लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे फक्त खरेदीखताचं काम करणारे परवानाधारक, हा नवा व्यवसाय आणला आणि १९८७ पासून सॉलिसिटरांची मक्तेदारी संपली. फी उतरू लागल्या. लंडनमधल्या मुख्य कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याने डेव्हनमधल्या फर्मचं तोंडही पाहिलेलं नसे, पण पैसे तिच्याच खात्यात पाठवायचे असत.

मग घरांच्या किमती कोसळल्या. एकट्या १९९१ मध्ये कर्जदात्यांनी ७५ हजारांहून अधिक घरं ताब्यात घेतली. विकून कर्ज वसूल होईना, तेव्हा त्यांनी जुन्या फायली उघडल्या आणि ते सॉलिसिटरांवर दावे लावत सुटले. त्यातले दोन निकाल या व्यवसायात आजही हटकून सांगितले जातात.

पहिला ‘मॉर्गेज एक्स्प्रेस’ या कर्जदात्याचा. कर्जदार एक फ्लॅट २,२०,००० पौंडांना घेत होता. व्यवहार चालू असताना सॉलिसिटरला कळलं की विकणारा स्वतःच तो फ्लॅट १,५०,००० पौंडांना विकत घेऊन लगेच पुढे विकतो आहे. त्याने हे कर्जदाराला सांगितलं, कर्जदात्याला नाही. कोर्ट ऑफ अपीलने म्हटलं, मूल्यांकनावर शंका येईल अशी माहिती कर्जदात्यालाही द्यायलाच हवी होती. दुसरा ‘ब्रिस्टल अँड वेस्ट’ या बिल्डिंग सोसायटीचा. ५९,००० पौंडांचं कर्ज देताना सोसायटीची अट होती की उरलेली रक्कम खरेदीदाराची स्वतःची असावी आणि घरावर दुसरा बोजा नसावा. प्रत्यक्षात ३,३५० पौंडांच्या जुन्या देण्यापोटी एका बँकेचा दुसरा बोजा या घरावर येणार होता. सॉलिसिटरला ते माहीत होतं, कळवायचं राहून गेलं. कोर्टाने त्याला निष्काळजी ठरवलं, पण बेइमान ठरवलं नाही. दोन अशिलांचं काम करताना नकळत झालेली चूक आणि एकाच्या फायद्यासाठी दुसऱ्याला अंधारात ठेवणं, यांत तेव्हा आखलेली रेघ अजून टिकून आहे.

या दाव्यांतून सॉलिसिटरांचीही एक रास्त तक्रार पुढे आली. प्रत्येक कर्जदात्याच्या सूचना वेगळ्या, भाषा वेगळी, आणि काही अटी अशा की कोणी हमी देऊच नये. त्यावर तोडगा म्हणून १९९९ मध्ये काउन्सिल ऑफ मॉर्गेज लेंडर्स या कर्जदात्यांच्या संघटनेने सूचनांचं एक हँडबुक काढलं. पहिला भाग सगळ्यांना समान, दुसऱ्यात प्रत्येक कर्जदात्याची स्वतःची उत्तरं. विक्रेत्याची मालकी सहा महिन्यांहून कमी असेल तर कळवा. खरेदीदार डिपॉझिटचे पैसे स्वतःच्या खिशातून देत नसेल तर कळवा. घरात राहणाऱ्या इतर प्रौढांची संमती घ्या. ही संस्था २०१७ मध्ये यूके फायनान्समध्ये विलीन झाली, पण हँडबुकचा साचा तोच राहिला. माझ्या मते पॅनेलचा खरा करार हाच. यादीत नाव येणं ही त्याची फक्त दाखल्याची बाजू.

२००८च्या मंदीनंतर तेच चक्र पुन्हा फिरलं, या वेळी जास्त कडवटपणे. फसवणुकीची प्रकरणं निघाली, सॉलिसिटरच्या चुकीची भरपाई देणाऱ्या व्यावसायिक विम्याचे हप्ते भडकले, छोट्या फर्मना विमा मिळेना. कर्जदाते पॅनेलवरून नावं कापू लागले. वर्षभरात एकही काम न पाठवलेल्या फर्म आधी गेल्या, एकट्याने चालवलेल्या फर्मवरही गदा आली. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेने २०१०-११ च्या सुमारास कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम ही घरखरेदीच्या कामाचा दर्जा प्रमाणित करणारी योजना सुरू केली, सगळेजण जिला सीक्यूएस म्हणतात. बँकांनी माणसाला ओळखायचं सोडलं, तेव्हा व्यवसायाने स्वतःच्या ओळखपत्राची सोय केली. पण जानेवारी २०१२ मध्ये एचएसबीसीने आपलं पॅनेल अवघ्या ४३ फर्मवर आणलं आणि एकच ओरड झाली. ग्राहकाने आपला वकील आपण निवडायचा की नाही, हा प्रश्न प्रथमच इतक्या उघडपणे विचारला गेला. पुढे बँकेने सीक्यूएसवाल्या फर्मना दार उघडलं, पण तोवर इशारा सगळ्यांपर्यंत पोचला होता.

कर्जदाते इतके धास्तावलेले का, हे एका प्रकरणातून नीट दिसतं. २००६ मध्ये एआयबी या बँकेने एका जोडप्याला राहत्या घरावर ३३ लाख पौंडांचं कर्ज दिलं. अट अशी की बार्कलेजचं सुमारे १५ लाखांचं आधीचं कर्ज फेडून एआयबीचा बोजा पहिला करायचा. बार्कलेजकडे त्या कर्जाची दोन खाती होती. सॉलिसिटरच्या कचेरीत आकडा चुकीचा वाचला गेला आणि ३,०९,००० पौंड फेडायचे राहिले. बाकीचे पैसे जोडप्याला गेले. पुढे कर्ज बुडालं आणि घर १२ लाखांना विकलं गेलं. एआयबीने सुमारे २५ लाख मागितले. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये तिला २,७३,७७७ पौंड दिले, म्हणजे त्या चुकीमुळे प्रत्यक्ष जेवढं नुकसान झालं तेवढंच. सॉलिसिटरांच्या विमा कंपन्यांनी निःश्वास सोडला. बँकांनी मात्र यातून घेतलेला धडा उलटा: नुकसान झाल्यावर कोर्टातून पूर्ण भरपाई मिळण्याची खात्री नसेल, तर दारातच चाळणी लावलेली बरी.

ही चाळणी आज काय मागते? नियामकाची मान्यता आणि पुरेसा विमा हवाच. सॉलिसिटर भागीदारीसाठी किमान २० लाख पौंडांचं आणि कंपनीसाठी ३० लाखांचं कवच नियमानेच बंधनकारक आहे. बरेच कर्जदाते सीक्यूएस मागतात, काहींना किमान दोन भागीदार लागतात. अर्ज आणि कागदपत्रं ऑनलाइन पोर्टलवर जातात आणि त्यासाठी फर्मलाच फी मोजावी लागते, ही कुरकुर कायमची आहे.

पण नाव टिकवणं जास्त अवघड, आणि फर्म अडखळतात त्या बहुधा कंटाळवाण्या कामात. व्यवहार पूर्ण होण्याआधी लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत, शेवटचा शोध घेतला की मध्येच दुसऱ्याची नोंद घुसण्यापासून ३० कामकाजी दिवसांचं संरक्षण मिळतं. तेवढ्यात बोजाच्या नोंदणीचा अर्ज गेला पाहिजे. तो अर्ज स्टॅम्प ड्यूटीच्या प्रमाणपत्राशिवाय पुढे सरकत नाही, आणि इंग्लंडमध्ये त्या कराचं विवरणपत्र भरण्याची मुदत २०१९ मध्ये ३० दिवसांवरून १४ वर आली. चांगलं काम करणारी फर्मही टेबलावर साठलेल्या नोंदण्यांमुळे कर्जदात्याच्या डोळ्यांवर येते. भागीदार बदलला, फर्म विलीन झाली, विमा कंपनी बदलली, तरी कळवावं लागतं. पुरेसं काम आलं नाही तरी नाव जाऊ शकतं, मग चूक कोणाचीच नसो. छोट्या गावातल्या, वर्षाला मोजकी कामं करणाऱ्या जुन्या फर्मवर हा नियम अन्याय करतो असं मला वाटतं. कमी काम म्हणजे वाईट काम नव्हे.

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीनंतर आलेल्या २०२२च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टने यात आणखी एक पदर घातला. उंच इमारतीतला लीजहोल्ड, म्हणजे दीर्घ भाडेपट्ट्यावरचा, फ्लॅट असेल तर सुरक्षेच्या दुरुस्तीचा खर्च कोणावर पडेल हे ठरवणारं भाडेपट्टाधारकाचं आणि इमारतीच्या मालकाचं प्रमाणपत्र तपासावं लागतं, आणि कोणता कर्जदाता त्यातलं काय मागतो हे हँडबुकच्या दुसऱ्या भागात ज्याचं त्याचं वेगळं लिहिलेलं. जोखीम नको म्हणून काही फर्मनी असे फ्लॅट घेणंच थांबवलं. त्यामुळे पूर्व लंडनमध्ये टॉवरमधला फ्लॅट पाहणाऱ्याने सॉलिसिटरला दोन गोष्टी पहिल्याच फोनवर विचाराव्यात: माझ्या बँकेच्या पॅनेलवर आहात का, आणि या उंचीच्या इमारतीचं काम घेता का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, असंही होतं.