उद्यमबागेची मेल स्पॅममध्ये का जाते? एक पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतल्या फाउंड्रीने गिऱ्हाइकांना एकगठ्ठा मेल पाठवली आणि उत्तर आले नाही, की आधी मजकुराला नावे ठेवली जातात. बहुतेक वेळा घोडे पेंड खाते ते पाठवणाऱ्याच्या ओळखीपाशी.

नको असलेल्या मेलचे दुखणे जुनेच. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या पूर्वजावरच्या) सुमारे ४०० जणांना संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण धाडले. तक्रारी तेव्हाच झाल्या. तरीही १९८२ मध्ये ठरलेल्या, मेल पाठवण्याच्या एसएमटीपी पद्धतीत प्रेषकाची खातरजमा नव्हतीच. पाकिटामागे कुणीही कुणाचेही नाव लिहावे, तसा कारभार. हे भोक बुजवायला एसपीएफ (२००६), डीकेआयएम (२००७) आणि डीमार्क (२०१२) आले. पहिल्यात कोणत्या सर्व्हरने तुमच्या नावाने मेल पाठवावी याची यादी असते, दुसऱ्यात मेलवर डिजिटल सही, आणि दोन्ही जुळले नाहीत तर काय करायचे हे तिसरा सांगतो.

चूक होते ती इथे. वेबसाइटवाला एक एसपीएफ नोंद करतो, मेल-सेवा जोडणारा दुसरी. एका डोमेनला (मेल-पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला) दोन एसपीएफ नोंदी असल्या की दोन्ही बाद. नोंद एकच हवी, आणि तिच्यातून डीएनएसकडे, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीकडे, होणाऱ्या विचारणा १० च्या आत हव्यात. डीमार्क सुरुवातीला ‘नन’वर (काही करू नका, फक्त कळवा) ठेवून काही आठवडे अहवाल पाहावेत, मगच ‘क्वारंटाइन’ (न जुळलेली मेल स्पॅममध्ये टाका).

मराठीची अडचण वेगळी. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, रुळण्याआधी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप होई. समोर तो फॉन्ट नसला की नुसती अगम्य चिन्हे दिसत. मग मजकुराचे चित्र करून पाठवणे सोयीचे पडले. शहापूर-वडगावच्या साडीवाल्याची दिवाळी ऑफर आजही एकाच जेपीजीत जाते, त्यामागे ही जुनी सवय असावी. चित्रे बंद असली की मेल कोरी दिसते, आणि फिल्टरलाही वाचायला काही उरत नाही. अक्षरेच लिहावीत. फक्त युनिकोडच्या मेलमध्ये रुळलेल्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘क्षि’मध्ये अशी चार चिन्हे (क, हलन्त, ष, इकार), म्हणजे १२. जीमेल १०२ केबीच्या पुढची मेल छाटते, आणि छाटली जाते ती नेमकी तळाची ‘सदस्यत्व रद्द करा’ ही लिंक. ती दिसली नाही की माणूस थेट ‘स्पॅम’चे बटण दाबतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने याच बटणाला ठाम मर्यादा घातली. तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत हव्यात, म्हणजे इनबॉक्सात पोचलेल्या हजार मेलमागे तिघे चिडले की संपले. दिवसाला जीमेलवर ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्याला एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोयही द्यावी लागते. प्रदर्शनात विकत मिळालेली मेल-पत्त्यांची यादी म्हणूनच महागात पडते. आपल्याकडे तर भाषेनुसारही यादी फोडायला हवी: कोल्हापूरला मराठी, हुबळीला कन्नड, निर्यातीला इंग्रजी.

‘किती जणांनी उघडली’ हा आकडा मात्र सोडून द्यावा. २०२१ पासून ॲपलचे मेल-ॲप वाचणाऱ्याने मेल न उघडताही चित्रे (उघडल्याची मोजणी त्यांवरूनच होते) आधीच उतरवून घेऊ शकते, त्यामुळे तो फुगतो. विषयाच्या ओळीत ‘एफजी २६० कास्टिंग, ५ ते ४० किलो’ (एफजी २६० ही बिडाची एक प्रत) असे थेट लिहावे आणि एन्क्वायरीसोबत ड्रॉइंग किती आली, ते मोजावे.