दिवाळीच्या सुट्टीत चिलीचा वसंत

आपल्याकडे वसंत येतो तेव्हा मुलांच्या परीक्षा चालू असतात आणि मोठ्यांचे मार्चअखेर. सलग सुट्टी मिळते ती दिवाळीला. म्हणून आयुष्यात एकदा तरी मोठी, हात मोकळा सोडून करायची सहल ज्यांच्या मनात आहे, त्यांना मी नकाशा उलटा धरायला सांगतो. विषुववृत्ताच्या पलीकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर हा वसंत असतो, आणि त्या वसंताची जितकी वेगवेगळी रूपे चिलीत दिसतात तितकी एका देशात क्वचितच सापडतील. चिलीची लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर, तर सरासरी रुंदी जेमतेम १८० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर साधारण ३,२०० किलोमीटर भरते, यावरून लांबीचा अंदाज यावा. वरच्या टोकाला अटाकामाचे वाळवंट, मध्ये द्राक्षमळे, त्याखाली ओलेचिंब जंगल आणि तळाशी पाटागोनियाच्या हिमनद्या.

एवढ्या प्रदेशांची सहल आखताना बहुतेक जण आधी हॉटेलांचे फोटो पाहतात. माझा आग्रह असा की आधी हवामान समजून घ्यावे. चिलीत ते समजायला सोपेही आहे, कारण सगळा खेळ तीन गोष्टींचा आहे: पॅसिफिकवर ठाण मांडून बसलेला हवेच्या जास्त दाबाचा पट्टा, किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहणारा हम्बोल्टचा थंड प्रवाह आणि पूर्वेला भिंतीसारखा उभा अँडीज.

उत्तरेच्या टोकाचे आरिका शहर विषुववृत्तापासून दक्षिणेला जेवढ्या अंतरावर आहे, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर उत्तरेला आपले पुणे आहे. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आरिकाची वार्षिक सरासरी एक मिलिमीटरही नाही. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या काळात तिथे पावसाची नोंदच झाली नाही. सलग चौदा वर्षांहून जास्त काळ, समुद्राला लागून असलेल्या गावात! जास्त दाबाच्या पट्ट्यात हवा वरून खाली उतरत असते आणि उतरताना तापून कोरडी होते. खाली थंड प्रवाहामुळे समुद्रालगतची हवा गारच राहते. वर उबदार आणि खाली गार अशी हवेची रचना झाली की खालची हवा वर चढू शकत नाही. ढग उंच वाढत नाहीत, पाऊस पडत नाही. पूर्वेला ॲमेझॉनच्या खोऱ्यात ओलाव्याची कमी नाही, पण तो अँडीजच्या पलीकडेच अडतो. किनाऱ्यावर दाट धुके मात्र येते. त्याला तिथे ‘कामांचाका’ म्हणतात. डोंगरावर जाळ्या उभारून त्या धुक्यातले पाणी गोळा करण्याचे प्रयोग चिलीने गेल्या शतकातच केले.

आता गंमत पाहा. हाच अँडीज दोन हजार किलोमीटर खाली गेला की उलट वागतो. उत्तरेत पर्वताची पश्चिम बाजू कोरडी, तर दक्षिणेत पश्चिम बाजूला वर्षावन आणि पूर्वेला रुक्ष गवताळ माळ. पर्वत तोच, वाऱ्याची दिशा बदललेली. चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली वारे पश्चिमेकडून, थेट पॅसिफिकवरून येतात आणि सगळे पाणी पर्वताच्या अलीकडे ओतून मोकळे होतात. महाबळेश्वरला धो धो आणि फलटणला कोरडे, हे ज्याने पाहिले आहे त्याला पर्जन्यछाया वेगळी समजावून सांगायला नको.

जास्त दाबाचा तो पट्टा ऋतूप्रमाणे सरकतो. तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, तो उत्तरेकडे जातो आणि सांतियागोपर्यंत पाऊस येऊ देतो. वसंतात तो पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागतो. म्हणजे कोरडी, स्वच्छ हवा उत्तरेकडून हळूहळू खाली उतरत जाते. आपणही तिच्या मागोमाग उतरावे. सांतियागो, मग अटाकामा, मग ओल्या जंगलांतला सरोवरांचा प्रदेश आणि शेवटी पाटागोनिया, हा क्रम मला सर्वात शहाणपणाचा वाटतो. सुरुवात सांतियागोत करायचे कारण सरळ आहे. मुंबईहून तिथे पोचायला एक दिवसाहून जास्त जातो, आणि घड्याळात साडेआठ तासांचा फरक पडतो. अशा अवस्थेत लगेच उंचावर जाऊ नये.

सांतियागोजवळचे द्राक्षमळे ऑक्टोबरात नुकते पालवलेले असतात. वाइन भरपूर मिळेल, पण वेलीवर घड दिसणार नाहीत. काढणी फेब्रुवारीपासून पुढे. नाशिककरांना मात्र इथे पाहण्यासारखे बरेच आहे. चिलीची वेल थंडीत झोपते आणि वसंतात आपणहून फुटते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, वेल धड झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी करून तिला फुटायला लावावे लागते. योगायोगाने दोन्हीकडे कोंब एकाच सुमारास डोळे उघडतात. तिथल्या शेतकऱ्याचा जीव तेव्हा टांगणीला असतो, कारण वसंतातल्या एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली गेला की कोवळी फूट जळते. मळ्यात उंच खांबावर मोठे पंखे दिसतील. वरची थोडी उबदार हवा खाली ढकलण्यासाठी ते असतात.

अटाकामासाठी कालामापर्यंत विमान आणि पुढे शंभर किलोमीटर रस्ता, की सान पेद्रो गाव. उंची सुमारे २,४०० मीटर. गावाभोवती उत्तम लॉज आहेत, आणि इथे खर्च करावा असे मला वाटते, पण तो एका गोष्टीसाठी: जास्त रात्री. एल तातिओचे गरम पाण्याचे झरे सुमारे ४,३०० मीटरवर आहेत, लेहपेक्षा आठशे मीटर उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. पहिल्याच पहाटे तिथे नेणारा कार्यक्रम कोणी दिला तर तो बदलून घ्यावा. दोन-तीन दिवस गावाच्या उंचीवर काढावेत, सालार दे अटाकामाच्या मिठागरातले फ्लेमिंगो पाहावेत, पाणी पीत राहावे आणि मग वर जावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. उंचीचा त्रास तरुण आणि तंदुरुस्त माणसालाही होतो.

तातिओला पहाटे का नेतात? झऱ्यातले पाणी दिवसभर तसेच उसळत असते. पहाटे हवा शून्याखाली असते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या वाफेचे झटकन बारीक थेंब होतात आणि पांढरे खांब उभे राहतात. ऊन चढले, हवा तापली की तेच थेंब लगेच विरतात आणि खांब दिसेनासे होतात. दाब कमी असल्याने पाणी तिथे ८६ अंशांच्या आसपासच उकळते. कुकरशिवाय त्यात डाळ शिजणार नाही, पण हात पोळायला ते पुरेसे आहे. आखलेल्या दगडांच्या पुढे पाऊल टाकू नये, कारण पातळ कवचाखाली काय आहे ते वरून कळत नाही.

रात्रीचे आकाश हे अटाकामाचे दुसरे वैभव, आणि इथे आपले पंचांग मदतीला येते. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. म्हणजे दिवाळीचे दिवस सान पेद्रोत काढले तर चंद्राचा त्रास नाही. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत थांबलात तर निम्मे तारे चांदण्यात बुडतील. संध्याकाळ सरली की दक्षिणेकडे दोन पुसट ढगांसारखे डाग दिसतात. ते मॅगेलनचे मेघ, आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या लहान दीर्घिका. मोठा मेघ सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर आहे. मुंबईहून तो क्षितिजाच्या वर जेमतेम डोकावतो, म्हणजे दिसतच नाही. रात्र चढली की पूर्वेला मृग नक्षत्र उगवते, तेही उलटे.

इथून जवळच, पाच हजार मीटरवरच्या पठारावर, आल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या ६६ तबकड्या आहेत. मिलिमीटर लांबीच्या लहरी हवेतली वाफ शोषून घेते, म्हणून ही दुर्बीण इतक्या उंच आणि कोरड्या जागी न्यावी लागली. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ३० तबकड्यांची. तिच्या लहरी कितीतरी लांब, त्यांना वाफेची फारशी अडचण नाही. म्हणून जुन्नरच्या पावसातही ती चालते.

काही वर्षी हेच वाळवंट फुलते. वायेनार आणि कोपियापो या गावांच्या आसपास साधारण पंधरा-वीस मिलिमीटर पाऊस झाला की मातीत वर्षानुवर्षे पडून असलेले कंद आणि बिया जाग्या होतात आणि मैलोन्‌मैल जांभळा, पिवळा, पांढरा रंग पसरतो. हे बहुधा एल निनोच्या वर्षी घडते, कारण तेव्हा किनाऱ्याजवळचे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा उबदार असते आणि पावसाळी वादळे उत्तरेपर्यंत पोचतात. २०१५ साली तिथे देखणा बहर आला. त्याच एल निनोच्या वर्षी आपल्याकडे मराठवाडा होरपळला होता आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. हे नाते दरवेळी इतके सरळ नसते. १९९७ साली एल निनो जबर होता, वाळवंट फुलले, पण आपला मान्सून बरा झाला. या फुलांसाठी वर्षभर आधी बुकिंग करणे व्यर्थ. ऑगस्टपर्यंत वाट पाहावी, पाऊस झाल्याची खात्री करावी, आणि जमल्यास दिवाळीआधीच, सप्टेंबर-ऑक्टोबरात जावे. दिवाळीपर्यंत आतल्या भागातला बहर ओसरू लागतो, किनाऱ्याकडे धुक्याच्या ओलाव्यावर तो थोडा टिकतो.

सरोवरांच्या प्रदेशात दोन-तीन रात्री पुरेत. पाऊस लागणारच, छत्रीपेक्षा रेनकोट बरा. इथल्या जंगलातला आलेर्से वृक्ष तेवढा चुकवू नये. एका झाडाच्या खोडाची ३,६२२ वर्तुळे संशोधकांनी मोजली आहेत, म्हणजे तेवढी वर्षे.

सगळ्यात जास्त दिवस पाटागोनियासाठी राखावेत. तोरेस देल पाइने हे राष्ट्रीय उद्यान ५१ अंश दक्षिणेला आहे. उत्तरेत लंडन साधारण तेवढ्याच अक्षांशावर, पण दोन्हींत साम्य शोधू नये. दक्षिण गोलार्धात या अक्षांशावर पृथ्वीभोवती जवळजवळ सगळा समुद्रच आहे. पश्चिमेचे वारे हजारो किलोमीटर काही आडवे न येता धावतात आणि पहिला अडथळा भेटतो तो अँडीजचा. उन्हाळा जवळ येतो तसा हा वाऱ्याचा पट्टा पन्नास अंशांच्या आसपास आवळत जातो. म्हणून इथे हवा उबदार होते तसा वाराही वाढतो, हे आपल्या कल्पनेच्या उलट आहे. ताशी शंभर किलोमीटरचे झोत नोव्हेंबरात नवलाचे नाहीत. ऑक्टोबरात थंडी जास्त, वारा थोडा कमी आणि गर्दी विरळ. नोव्हेंबरच्या मध्यावर दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा, आणि नोत्रो झुडपांवर लालभडक फुले. मला निवडायचे झाले तर मी नोव्हेंबरचा पहिला आठवडा निवडेन.

तोरेस देल पाइनेला ज्यांच्यावरून नाव मिळाले त्या तीन सुळक्यांचे दर्शन कुठलाही लॉज हमीने देऊ शकत नाही. दोन रात्रींत परतणारे अनेक जण नुसते ढग पाहून परततात. पाच रात्री ठेवल्या तर एखादी सकाळ उघडण्याची शक्यता कितीतरी वाढते. दोन ठिकाणी सर्वात महागडी खोली घेण्यापेक्षा एका ठिकाणी साधी खोली आणि तीन जादा रात्री घ्याव्यात. सोबत स्वतंत्र गाडी आणि वाटाड्या असावा, म्हणजे ढग हलताच निघता येते.

चिलीच्या दक्षिण टोकाकडच्या पुंता आरेनास शहरात आणखी एक गोष्ट सांभाळायची. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर दर वसंतात विरळ होतो. हिवाळ्यातल्या कडाक्याच्या थंडीत, उणे ७८ अंशांच्या खाली, तिथे उंचावर विशेष ढग तयार होतात. त्यांच्या कणांवर आपल्या जुन्या फ्रीज-एसीतल्या वायूंचा क्लोरीन मोकळा होण्याच्या तयारीत येतो, आणि सप्टेंबरात सूर्य परतला की तो ओझोन फोडू लागतो. १९८५ साली हे जगाला कळले, १९८७ साली त्या वायूंना आळा घालणारा माँट्रियल करार झाला, आणि थर आता सावकाश भरून येत आहे. तरी काही दिवस त्या विरळ थराचा भाग शहरावर सरकतो. हवा बोचरी गार, आकाश ढगाळ, त्यामुळे ऊन लागते आहे असे वाटतही नाही, आणि त्वचा भाजते. अटाकामात उंचीमुळे आणि इथे ओझोनमुळे, सनस्क्रीन आणि चांगला गॉगल दोन्हीकडे हवेतच. बॅगेत सुती कपडे, गरम थर आणि वारा अडवणारे जाकीट, तिन्ही लागतील.

बॅग भरताना फराळाचा डबा आत टाकण्याआधी नियम वाचावेत. ताजी फळे, बिया, मध, दुग्धजन्य पदार्थ यांबद्दल चिलीची विमानतळावरची तपासणी फार कडक आहे. वर वाळवंट, खाली बर्फ, एका बाजूला समुद्र, दुसरीकडे पर्वत, यामुळे बाहेरच्या किडी तिथे सहज पोचत नाहीत. युरोपातले द्राक्षमळे उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा ही कीड चिलीत शिरलीच नाही, म्हणून तिथल्या बहुतेक वेली आजही कलमाशिवाय स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. विमानतळावरच्या घोषणापत्रात खाण्याचे जे काही असेल ते लिहावे. शंका असली तरी लिहावे. दाखवलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्यासाठी दंड होतो.