गार्डन ऑफ द गॉड्स (कोलोरॅडो)

अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या पश्चिमेला पाइक्स पीक या डोंगराच्या पायथ्याशी लाल खडकांचं हे सार्वजनिक उद्यान आहे. नॅशनल पार्क नाही, शहराच्या मालकीचं आहे, बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. आत जायला तिकीट नाही आणि ते का नाही याच्यातच या जागेचा अर्धा इतिहास आलाय.

खडक मुळात वाळू-गाळाचे आडवे थर, त्यातले जुने साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचे. नंतर सहा-सात कोटी वर्षांपूर्वी रॉकी पर्वत वर यायला लागला तेव्हा हेच थर वाकून चक्क उभे झाले, मऊ भाग झिजून गेला आणि टणक भाग भिंतीसारखा उभा राहिला. नॉर्थ गेटवे रॉक ३०० फुटांहून उंच आहे. लाल रंग दगडातल्या लोखंडाच्या गंजाचा.

यूट या इथल्या मूळ रहिवाशांचा इथे पिढ्यानपिढ्या वावर होता. १८५९ मध्ये दोन गोरे सर्व्हेअर आले, त्यातला बीच नावाचा एक म्हणाला इथे झकास बिअर गार्डन होईल, त्यावर केबल नावाचा दुसरा म्हणाला बिअर कसली, ही तर देवांनी जमायची जागा. नाव तिथून पडलं असं सांगतात.

१८७१ मध्ये जनरल विल्यम पामरने शहर वसवलं. रेल्वेतला माणूस, आणि त्याच्याच आग्रहावरून बर्लिंग्टन रेल्वेच्या चार्ल्स पर्किन्सने १८७९ मध्ये इथे २४० एकर जमीन घेतली, उन्हाळ्यात राहायला घर बांधू म्हणून. पुढे आणखी घेतली, पण घर काही बांधलं नाही, जमीन आहे तशी ठेवली आणि लोकांना फिरू दिलं. जागा शहराला द्यायची त्याच्या मनात होतं पण कागदोपत्री काही व्हायच्या आधीच १९०७ मध्ये तो वारला. मुलांनी ठरवलं असतं तर प्लॉट पाडून विकता आले असते, कोण अडवणार होतं? त्यांनी १९०९ मध्ये ४८० एकर शहराला देऊन टाकले.

नुसते दिले नाहीत, अटी घालून दिले. उद्यान लोकांना कायम फुकट राहील, आत दारू बनवायची-विकायची-वाटायची नाही (म्हणजे बीचसाहेबांची बिअर गार्डन कायमची गेली), आणि देखभालीला लागेल तेवढंच बांधकाम करायचं, बाकी एक वीट नाही.

पण अटी लागू होत्या दिलेल्या जमिनीपुरत्याच. सगळ्यात प्रसिद्ध दगड, बॅलन्स्ड रॉक, एवढ्याशा बुडावर टेकलेला प्रचंड धोंडा, तो या ४८० एकरांत नव्हताच! ती जागा गोर्की नावाच्या बाप-लेकांची. ते टूरिस्टना गाढवावर बसवून धोंड्यासमोर फोटो काढून विकायचे, मग लोकांकडे स्वतःचे कॅमेरे आले, धंदा बसला, तर यांनी सरळ धोंड्याभोवती कुंपण घालून बघायचेच पैसे घ्यायला सुरुवात केली. १९३२ मध्ये शहराने ती जागा विकत घेतली तेव्हा कुठे कुंपण निघालं.

आणि शहर तरी कुठे धुतल्या तांदळाचं होतं. दान मिळून सहा वर्षं होतात तोच १९१५ मध्ये गेटवे खडकांना खेटून हिडन इन नावाची इमारत उभी राहिली, आत टूरिस्टांसाठी वस्तूंचं दुकान. देखभालीला दुकान कशाला लागतं हे विचारायला हवं होतं, पण ती पाडायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. त्याच दशकात, १९९५ मध्ये, नवं व्हिजिटर सेंटर झालं ते मात्र खासगी पैशातून आणि उद्यानाच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या पलीकडे. अट पाळायची म्हटली तर अशी पाळता येते.

मधल्या काळात लगतच्या जमिनी जोडत जोडत उद्यान १३०० एकरांच्या पुढे गेलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जाही मिळाला. आता खरा त्रास गर्दीचा आहे, लोक पायवाट सोडून चालतात, माती सुटते, पावसात वाहून जाते, शिवाय दगडावर नावं कोरायची खोड जुनीच. क्लाइंबिंगला परवानगी आहे पण आधी नोंद करून आणि दोर-सामान घेऊनच, आणि पावसानंतर खडक ओला असेल तर चढायचं नाही, हा वाळूचा दगड भिजला की ठिसूळ होतो आणि हाताखालचा टवका निघून येतो.