डाल्मेशियाचा किनारा (पर्यटन)

क्रोएशियाच्या दक्षिण भागातील, एड्रिॲटिक समुद्रालगतचा हा प्रदेश बेटांसाठी आणि तटबंदीच्या जुन्या नगरांसाठी प्रसिद्ध आहे. किनाऱ्याला समांतर असलेल्या चुनखडीच्या डोंगररांगांमधील दऱ्या, हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढल्याने, पाण्याखाली गेल्या आणि रांगांचे माथे लांबट बेटांच्या रूपाने उरले. भूगोलात अशा रचनेला ‘डाल्मेशियन किनारा’ असेच म्हणतात. बेटांच्या आडोशामुळे मधल्या सामुद्रधुन्यांतील पाणी उन्हाळ्यात बहुधा शांत असते. त्यामुळे येथील सहल मुख्यतः फेरीबोटीने आणि शिडाच्या होड्यांनी होते. दुपारी वायव्येकडून वाहणारा ‘माएस्त्राल’ वारा शिडांना उपयोगी पडतो. ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा थंड, झंझावाती ‘बुरा’ मात्र वाहतूक बंद पाडू शकतो.

स्प्लिटचे जुने शहर रोमन सम्राट डायोक्लीशन याने इ. स. ३०० च्या सुमारास निवृत्तीसाठी बांधलेल्या राजवाड्यातच वसले आहे. सम्राटाच्या समाधिमंदिराचे पुढे कॅथीड्रल झाले, भिंतींना घरे चिकटली आणि आजही तेथे लोक राहतात. केवळ अवशेष पाहण्याहून हा अनुभव निराळा असतो, आणि या किनाऱ्याचे खरे आकर्षण हेच होय. ह्वार बेटावर इ. स. पू. ३८४ मध्ये पारोस या ग्रीक बेटावरून आलेल्या ग्रीकांनी वसाहत केली. त्यांनी आखलेल्या शेतजमिनींत द्राक्षे व ऑलिव्ह अजून पिकतात. व्हिस बेट युगोस्लाव्हियाच्या (क्रोएशिया तेव्हा या देशाचा भाग होता) लष्करी तळामुळे १९८९ पर्यंत परदेशी पर्यटकांना बंद होते, त्यामुळे तेथे मोठ्या हॉटेलांची गर्दी झाली नाही.

दुब्रोव्हनिक म्हणजे पूर्वीचे रागूझा. हे व्यापारी प्रजासत्ताक १८०८ पर्यंत टिकले. १६६७ च्या भूकंपानंतर शहर बरेचसे नव्याने उभे राहिले, आणि क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात १९९१–९२ मध्ये पडलेल्या वेढ्यातील तोफमाऱ्यानंतर त्याची पुन्हा दुरुस्ती करावी लागली. सुमारे १,९४० मीटर लांबीच्या तटावरून चालताना खाली दिसणाऱ्या छपरांवरील नवी, भडक तांबडी कौले बव्हंशी त्याच दुरुस्तीची आहेत.

जुलै-ऑगस्टमधील गर्दी ही येथील गंभीर समस्या आहे. क्रूझ जहाजांतून हजारो प्रवासी एकाच वेळी दुब्रोव्हनिकच्या अरुंद गल्ल्यांत उतरतात, आणि घरे पर्यटकांना भाड्याने दिली जात असल्याने तटाच्या आतील कायमची वस्ती घटत गेली आहे. मे-जून किंवा सप्टेंबर हा काळ म्हणूनच अधिक योग्य. सप्टेंबरमध्ये समुद्रही पोहण्याइतका उबदार असतो. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियात युरो हे चलन असून भारतीय पर्यटकांना शेंगेन व्हिसा लागतो.