पोटातले कावळे घड्याळ बघून ओरडतात

‘इंटरमिटंट फास्टिंग’, म्हणजे ठरावीक तास किंवा दिवस उपाशी राहून बाकीच्या वेळात खाणं, हा शब्द आपल्याकडे मोबाइलमधून आला. ‘एकभुक्त’ आणि ‘नक्त’ हे शब्द मात्र व्रतवैकल्यांत जुनेच. पहिल्यात दिवसातून एकदाच जेवायचं, दुसऱ्यात थेट रात्री. अर्थात वजनाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. वजन आणि भूक यांची गोष्ट सुरू होते एका फुग्यापासून.

1912 साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांचा विद्यार्थी वॉशबर्न रबरी फुगा नळीसकट गिळून बसला. भूक जाणवली की तो खूण करायचा आणि त्याच सुमारास जठर आकुंचन पावल्याची नोंद उमटायची. भूक म्हणजे जठराचं आवळणं, असा निष्कर्ष निघाला. पुढे जठर काढलेल्या रुग्णांनाही भूक लागते हे दिसलं आणि तो डळमळला.

1965 साली स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी हा तरुण वजन उतरवायला डंडीतल्या डॉक्टरांकडे गेला. थोडे दिवस उपास करायचं ठरलं होतं, तो 382 दिवस चालला. पाणी, चहा, कॉफी, जीवनसत्त्वं, आणि वरचेवर तपासण्या. वजन 207 किलोंवरून 82 वर आलं. पाच वर्षांनी ते 89 च्या आसपास होतं. हे अनुकरणासाठी सांगत नाही: त्या काळात अशा दीर्घ उपासांत रुग्ण दगावलेही आणि ही पद्धत मागे पडली.

भुकेचं कोडं सुटायला 1999 उजाडलं. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना जठरातून स्रवणारं, भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक सापडलं. त्यानंतरचा 2005 चा एक छोटा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. निरोगी माणसांना तासन्‌तास उपाशी ठेवून वारंवार रक्त तपासलं. घ्रेलिन सारखं चढत गेलं नाही. रोजच्या जेवणाच्या वेळेला ते वर गेलं आणि पोटात काही न पडताच खाली आलं. चारच्या चहाची वेळ चुकवली की पाचला भूक मेल्यासारखी वाटते, ती यामुळेच असावी.

2012 मध्ये शरीरातल्या घड्याळाचे अभ्यासक सच्चिदानंद पांडा यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दिवसातल्या आठ तासांतच चरबीयुक्त खाणं खाल्लं आणि ते दिवसभर चरणाऱ्यांपेक्षा सडपातळ राहिले. त्याच वर्षी बीबीसीवर मायकेल मोस्ली यांनी उपासावर माहितीपट केला आणि लाट आली. महाराष्ट्रात श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवण हा मंत्र घरोघरी पोचवला.

माणसांवरचे निकाल मात्र उंदरांइतके चमकदार नाहीत. ग्वांगझूमध्ये 139 लठ्ठ लोकांनी वर्षभर सारख्याच कमी कॅलरी खाल्ल्या. आठ तासांत खाणाऱ्यांचं वजन सरासरी 8 किलो घटलं, वेळेचं बंधन नसलेल्यांचं 6.3. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. थोडक्यात, उतरवतं ते कमी खाणं. घड्याळ फार तर त्याला मदत करतं.

शिकागोच्या 2017 च्या चाचणीत एक दिवस गरजेच्या चतुर्थांश, तर दुसऱ्या दिवशी सव्वापट खायचं होतं. 38 टक्के लोक मध्येच गळाले. पण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ काही झालं नाही. उरलेले लोक उपासाला ठरल्यापेक्षा जास्त खात होते आणि भरपेट खायच्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी.