समोरच्या पक्षातला 'सोपा' उमेदवार: अमेरिकेतल्या एका जुन्या हिशोबाची पार्श्वभूमी

आपल्याकडे तिकीटवाटप सुरू झालं की 'इलेक्टिव्ह मेरिट' हा शब्द रोज कानावर पडतो, म्हणजे माणसाने किती वर्षं सतरंज्या उचलल्या ते नंतर बघू, आधी तो निवडून येईल का ते सांगा. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी हाच प्रश्न विचारतात, पण तिथे त्याला अजून एक बाजू आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. समोरच्या पक्षातून कोण उभा राहिला तर आपल्याला सोपं जाईल? दर ४ वर्षांनी दोन्ही पक्षांची मंडळी हा हिशोब मांडतात, कधी कधी नुसता मांडत नाहीत तर तो सोपा गडीच समोर यावा म्हणून हातही लावतात. गेल्या साठेक वर्षांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट परत परत दिसते, की हा हिशोब समोरच्या माणसाकडे बघून कमी आणि मागच्या निवडणुकीच्या पट्टीने जास्त होतो.

ती पट्टी बनली १९६४ साली. रिपब्लिकन पक्षाने ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांना उभं केलं, अतिशय कडवे उजवे, आणि डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गोटाला हवा होता तसाच उमेदवार मिळाला. गोल्डवॉटर आले तर अणुयुद्ध होईल ही भीती लोकांच्या मनात घालायची, बाकी फार काही करायचं नाही. फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि मग अणुस्फोट, ही टीव्हीवरची जाहिरात त्याच सप्टेंबरमधली. निकाल ४८६ विरुद्ध ५२ इलेक्टोरल मतं (ही राज्याराज्यांतून मिळतात आणि अध्यक्ष त्यांच्यावरच ठरतो), जॉन्सन यांना लोकांची ६१ टक्के मतं. इथून पुढे डेमोक्रॅट लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की रिपब्लिकन पक्षाने टोकाचा माणूस दिला की आपण जिंकलो. गोल्डवॉटर हरले हे खरं, पण त्यांच्या प्रचारासाठी २७ ऑक्टोबरला टीव्हीवर एक भाषण झालं होतं, ते करणारा माणूस होता रोनाल्ड रेगन, आणि डेमोक्रॅट्सची ही पट्टी पहिल्यांदा मोडली ती त्यानेच.

१९६६ ची कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक. अध्यक्षपदाची नसली तरी पुढचं सगळं तिच्यातून निघतं म्हणून इथे जरा थांबतो. गव्हर्नर होते डेमोक्रॅट पॅट ब्राऊन, ४ वर्षांपूर्वी त्यांनी खुद्द रिचर्ड निक्सनना पाडलं होतं. आता रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मुख्य दोघं जण होते, एक सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर जॉर्ज क्रिस्टोफर, मवाळ, कारभाराचा अनुभव असलेले, आणि दुसरा सिनेमातला नट रेगन. ब्राऊनच्या लोकांना भीती क्रिस्टोफर यांची, कारण मधला मतदार तिकडे जाईल. क्रिस्टोफर यांचा दुधाचा धंदा होता आणि दुधाच्या दराचे नियम मोडल्याचं २५ एक वर्षांपूर्वीचं एक प्रकरण त्यांच्या नावावर होतं. ब्राऊनच्या गोटातून ते जुनं कागदपत्र उकरून एका मोठ्या स्तंभलेखकाच्या हातात गेलं, छापून आलं, क्रिस्टोफर प्रायमरी हरले, आणि ब्राऊनना हवा होता तो गडी समोर आला.

मग त्यांनी काय केलं तर 'हा नुसता नट आहे' याच्यावरच सगळा भर दिला. एका प्रचारपटात ब्राऊन शाळेतल्या छोट्या मुलींना सांगताना दिसतात की मी एका नटाविरुद्ध लढतोय, आणि लिंकनला गोळी कोणी घातली ते तुम्हाला माहीत आहे ना. (लिंकनचा मारेकरी नट होता.) लोकांना ते अजिबात आवडलं नाही. रेगन जवळजवळ १० लाख मतांनी जिंकले. ब्राऊन आणि त्यांची माणसं मूर्ख नव्हती, त्यांनी मोठमोठी कामं केली होती, पण त्यांना रेगनमध्ये गोल्डवॉटर दिसला. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातली दंगल, बर्कलीतली विद्यार्थ्यांची आंदोलनं, वाढते कर, यामुळे त्यांच्याच मतदारांच्या मनात २ वर्षांत काय बदललं ते मात्र दिसलं नाही.

आता अध्यक्षपदाकडे येऊ. एका पक्षाला दुसऱ्याच्या घरात हात घालणं सोपं कधी झालं, तर प्रायमरीला खरं वजन आल्यावर. आधी उमेदवार ठरायचा पक्षाच्या बड्या पुढाऱ्यांच्या बैठकीत, प्रायमरी असायच्या पण थोड्या राज्यांत. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅट उमेदवार झाले, शिकागोत अधिवेशनाच्या बाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि त्या संतापातून नियम बदलणारी समिती आली जिचे पहिले अध्यक्ष होते जॉर्ज मॅकगव्हर्न. त्यामुळे १९७२ पासून निवड मतदारांच्या हातात गेली. हे चांगलंच झालं असं माझं मत आहे, पण त्याबरोबर दारही उघडं राहिलं, कारण बंद खोलीतल्या २० पुढाऱ्यांना फसवणं अवघड पण लाखो मतदारांपर्यंत खोटं पोचवणं सोपं. शिवाय मिशिगन, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत मतदाराची पक्षाप्रमाणे नोंदणीच नसते, कोणीही कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो.

ते दार पहिल्यांदा जोरात ढकललं तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी. १९७१ मध्ये मेन राज्याचे डेमोक्रॅट सिनेटर एडमंड मस्की काही सर्व्हेत निक्सनच्या पुढे होते. शांत, उंचेपुरे, कोणाला न खटकणारे. म्हणून मस्कींना खाली आणायचं आणि मॅकगव्हर्नसारखा डावीकडचा माणूस समोर येऊ द्यायचा असा डाव होता. न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीच्या २ आठवडे आधी तिथल्याच मँचेस्टर शहराच्या 'युनियन लीडर' या पेपरमध्ये एक पत्र छापून आलं, फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या लोकांसाठी वापरल्या जाणाऱ्या हिणकस शब्दावर मस्की हसले असा त्यात आरोप होता, आणि त्या राज्यात असे मतदार भरपूर. पत्र बनावट होतं. त्याच पेपरने मस्कींच्या बायकोबद्दलही वाईटसाईट छापलं.

२६ फेब्रुवारी १९७२, शनिवार सकाळ. मस्की त्या पेपरच्या ऑफिससमोर एका ट्रकच्या फळीवर उभे राहून बोलत होते, बर्फ पडत होता, बायकोचा विषय आला आणि आवाज अडकला. बातमीदारांनी लिहिलं ते रडले, मस्की नंतर सांगत राहिले की चेहऱ्यावर वितळलेला बर्फ होता. अश्रू होते की बर्फ हे आज कोणी सांगू शकणार नाही, पण जो माणूस घरच्यांवर आलेलं बोलणं ऐकून गहिवरला त्याला कमकुवत ठरवलं गेलं हे मला आजही वाचताना लागतं. प्रायमरी ते जिंकले, ४६ टक्के विरुद्ध मॅकगव्हर्न ३७, पण शेजारच्याच राज्यातला माणूस म्हणून अपेक्षा जास्त होती, त्यामुळे जिंकूनही हरल्यासारखं झालं. पुढे फ्लोरिडात मस्कींच्या लेटरहेडवर दुसऱ्या डेमोक्रॅट उमेदवारांची बदनामी करणारी पत्रं वाटली गेली, ती करणारा डॉनल्ड सेग्रेटी नंतर काही महिने तुरुंगात गेला.

हिशोब म्हणून बघितलं तर इथे तो बरोबर आला. निक्सननी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, मॅकगव्हर्नना मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचं शहर, १७ इलेक्टोरल मतं. पण हे उद्योग करायला जो पैसा आणि जी माणसं उभी केली तीच व्यवस्था जून १९७२ मध्ये वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅट पक्षाच्या कार्यालयात घुसली, आणि ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सनना पद सोडून जावं लागलं.

१९८० ला परत १९६४ ची पट्टी बाहेर आली. डेमोक्रॅट अध्यक्ष जिमी कार्टरच्या गोटात रेगन समोर यावेत असं वाटणारे बरेच होते, वय ६९, कडवे उजवे, नट, बोलताना चुकणारे. म्हणजे १४ वर्षांपूर्वी ब्राऊननी केलेली यादी जशीच्या तशी. महागाई, पेट्रोलच्या रांगा, तेहरानमध्ये ओलीस पडलेले अमेरिकन, हे सगळं असताना मतदार रेगनकडे फक्त एका गोष्टीसाठी बघत होते, की हा माणूस भीतीदायक आहे की नाही. २८ ऑक्टोबरला क्लीव्हलंडच्या डिबेटमध्ये ते हसतमुख आजोबांसारखे उभे राहिले आणि लोकांना एवढंच विचारलं की ४ वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का. ४८९ विरुद्ध ४९. प्रतिस्पर्ध्याला राक्षस म्हणून रंगवून ठेवलं की त्याला नुसतं माणसासारखं दिसलं तरी पुरतं, हे त्या रात्री झालं.

समोरचा गडी तोलण्याची दुसरी पद्धत १९८८ ला आली, आणि ही मला जास्त खरी वाटते, परिणाम वाईट झाला तरी. डेमोक्रॅट उमेदवार मायकेल डुकाकिस पक्षाच्या अधिवेशनानंतर गॅलपच्या सर्व्हेत १७ टक्क्यांनी पुढे होते. पण रिपब्लिकन उमेदवार थोरल्या बुशच्या लोकांनी मे महिन्यातच न्यू जर्सीत पॅरॅमस इथे डुकाकिसकडे झुकलेल्या थोड्या साध्या मतदारांना एका खोलीत बसवून त्यांच्याबद्दलची एकेक माहिती ऐकवली होती, कैद्यांना सुट्टीवर सोडण्याची योजना वगैरे, आणि ऐकता ऐकता निम्मे लोक पलटले. १७ टक्क्यांची आघाडी त्या खोलीत आधीच पोकळ ठरली होती. त्याच्यातून जो प्रचार झाला तो वर्णद्वेषाला हवा देणारा होता हेही तितकंच खरं. शेवट ४२६ विरुद्ध १११.

मधली उदाहरणं भराभर घेतो. २००८ मध्ये रेडिओवरच्या रश लिम्बॉ यांनी रिपब्लिकन श्रोत्यांना उघड सांगितलं की डेमोक्रॅट प्रायमरीत जाऊन हिलरींना मत द्या, म्हणजे ओबामांशी भांडण लांबेल. भांडण लांबलं, त्यात ओबामांची संघटना एकेका राज्यात उभी राहिली. २०१२ मध्ये मिझुरीच्या डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मकॅस्किल यांनी रिपब्लिकन प्रायमरीत टॉड एकिन हा कडवा माणूस यावा म्हणून साधारण १७ लाख डॉलरच्या जाहिराती केल्या, 'हा फारच कट्टर आहे' अशी टीका, जी त्या मतदारांना कौतुकासारखी ऐकू जाते. एकिन आले, बलात्काराबद्दल भयंकर बोलले, आणि मकॅस्किल साधारण १५ टक्क्यांनी जिंकल्या.

हे ताजं यश डोक्यात असतानाच २०१६ आलं. एप्रिल २०१५ मध्ये, ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर करायच्याही आधी, क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेने पक्षाला एक टिपण पाठवलं होतं जे नंतर विकिलीक्समुळे बाहेर आलं. त्यात क्रुझ, ट्रम्प आणि बेन कार्सन यांची नावं होती, यांना मोठं करा, पत्रकारांना यांना गांभीर्याने घ्यायला सांगा, म्हणजे बाकीचे रिपब्लिकनही यांच्या मागे उजवीकडे ओढले जातील. ट्रम्प या टिपणामुळे आले असं मी म्हणणार नाही, ते रिपब्लिकन मतदारांनीच आणले. पण ज्या लोकांचं आयुष्य निवडणुका लढवण्यात गेलं त्यांना तो माणूस सोपा वाटला, आणि विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया मिळून ८० हजारांहून कमी मतांनी निकाल फिरला, देशभरात हिलरींना २८ लाखांहून जास्त मतं असूनसुद्धा. गोल्डवॉटरची पट्टी, परत एकदा.

ट्रम्प यांचा स्वतःचा अंदाज मात्र मला बरोबर वाटतो. बायडन २०२० ला आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, सगळे म्हणाले संपले, पण २५ जुलै २०१९ लाच ट्रम्प यांनी युक्रेनच्या अध्यक्षांना फोनवर चौकशी करायला सांगितलं होतं ती बायडन यांचीच. कोणाची भीती वाटते ते तिथे कळलं, आणि त्यापायी महाभियोगही ओढवून घेतला.

२०२२ मध्ये डेमोक्रॅट्सनी परत मकॅस्किल यांचा मार्ग धरला. मिशिगनमध्ये पीटर मायर हे २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्धच्या दुसऱ्या महाभियोगाला मत देणारे रिपब्लिकन खासदार होते, त्यांच्याविरुद्धच्या ट्रम्पसमर्थक उमेदवाराला उचलण्यासाठी डेमोक्रॅट पक्षाच्या समितीने ४ लाख डॉलरच्या वर खर्च केला. मायर प्रायमरीत पडले, जागा डेमोक्रॅट्सना मिळाली. मला हे अजिबात पटलेलं नाही. ज्या १० रिपब्लिकन खासदारांनी तेव्हा आपलं करिअर पणाला लावलं त्यातले त्या निवडणुकीनंतर हाऊसमध्ये फक्त २ उरले, आणि त्यातला निदान एक जण लोकशाही वाचवा म्हणणाऱ्यांच्या पैशाने गेला.

म्हणून २०२४ ची एक आठवण सांगावीशी वाटते. तेव्हाही कितीतरी सर्व्हेत रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या निकी हॅली बायडन यांच्यापेक्षा ट्रम्पहून जास्त फरकाने पुढे होत्या, म्हणजे जुन्या हिशोबाने डेमोक्रॅट माणसाने ट्रम्पच समोर यावेत म्हणायला हवं होतं. न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआला राहणारा माझा एक मित्र, मूळचा साताऱ्याचा, नेहमी डेमोक्रॅट्सना मत देणारा पण नोंदणी कुठल्याच पक्षाची नाही, तिथे असा मतदार प्रायमरीच्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. २३ जानेवारीला कामावरून लवकर निघून तो रांगेत उभा राहिला, रिपब्लिकन मतपत्रिका घेतली (ती घेतली की त्या पक्षात नोंद होते) आणि हॅलींना मत दिलं. मी फोनवर म्हटलं, अरे त्या आल्या तर तुझ्या माणसाला जड जाईल. तो म्हणाला, जाऊ दे ना जड, दोघांतला कोणीही आला तरी झोप लागली पाहिजे. हॅलींना तिथे ४३ टक्के मिळाले, ट्रम्प जिंकले. मत दिल्यावर तो दारापाशी ठेवलेल्या टेबलावर गेला, पक्षाची नोंद काढून टाकायचा छोटा फॉर्म भरला, सही केली आणि गाडीची काच खरवडायला बाहेर पडला.